कोणी न पाहिलेला रंग

डायनोसॉरचा रंग कोणता, असे विचारले तर बहुतेकांच्या तोंडी एकच उत्तर येते: करडा, मातकट, फार तर शेवाळी. हे उत्तर इतक्या सहजपणे येते की त्यामागे कुठेतरी भक्कम पुरावा असेल, असे ऐकणाऱ्याला वाटावे. प्रत्यक्षात विसावे शतक संपले तेव्हा एकाही नामशेष डायनोसॉरचा रंग विज्ञानाला खात्रीने सांगता येत नव्हता. हाडांवरून उंची काढता येत होती, दातांवरून आहार ओळखता येत होता, पाऊलखुणांवरून चालीचा वेग अजमावता येत होता. काही ठिकाणी कातडीचे ठसेही मिळाले होते आणि त्यांवरून खवल्यांची ठेवण समजली होती. रंगाचा रकाना मात्र कोराच होता. तरीही लोकांच्या मनात तो केव्हाच भरला गेला होता. तो कोणी भरला आणि कशाच्या आधारे भरला, याची हकिकत प्रयोगशाळेपेक्षा चित्रपटांच्या कार्यशाळेत अधिक सापडते.

त्या कार्यशाळेतला डायनोसॉर जेमतेम हातभर लांबीचा असे. आत धातूच्या सांध्यांचा सांगाडा, त्यावर स्पंजासारख्या मऊ पदार्थाचे स्नायू आणि वर रबराची कातडी. कॅमेऱ्यापुढे ही प्रतिकृती केसभर हलवायची, एक फ्रेम टिपायची, पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा टिपायची. बोलपटाच्या काळात अशा चोवीस फ्रेम जमल्या की पडद्यावर एक सेकंद सरे. या तंत्राला स्टॉप-मोशन म्हणतात. अमेरिकेत विलिस ओब्रायन यांनी १९२५ च्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’ या मूकपटात आणि पुढे १९३३ च्या ‘किंग काँग’मध्ये या तंत्राने डायनोसॉर चालते-फिरते केले. त्या प्रतिकृती मार्सेल डेल्गाडो यांच्या हातच्या होत्या. त्यांच्यापुढे आदर्श होता तो चित्रकार चार्ल्स नाइट यांचा. न्यूयॉर्क आणि शिकागो येथील संग्रहालयांसाठी नाइट यांनी प्रागैतिहासिक प्राण्यांची जी चित्रे रंगवली, त्यांनीच एका पिढीला डायनोसॉर कसा दिसतो हे शिकवले. नाइट जिवंत प्राण्यांचे अतिशय बारकाईने निरीक्षण करीत. हाडांवर मांस आणि मांसावर कातडी चढवताना आधार घ्यायचा तो जिवंत सृष्टीचाच, ही त्यांची शिस्त होती आणि ती योग्यही होती. अडचण एवढीच की अजस्र प्राणी म्हटला की माणसाच्या डोळ्यांपुढे हत्ती, गेंडा आणि पाणघोडा उभे राहतात. आकाराने आठवण करून दिली आणि तिच्यासोबत रंगही आला.

सुरुवातीच्या त्या चित्रपटांत प्रतिकृतीला दिलेला रंग प्रेक्षकाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतच नव्हता. चित्रपट कृष्णधवल होते. पूर्वी प्रचलित असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा प्रकाश जवळजवळ जाणवत नसे. तांबडी वस्तू तिच्यावर काळी उमटे आणि निळी वस्तू फिकी पडे. नंतर आलेल्या पॅनक्रोमॅटिक फिल्मने हा पक्षपात बराच कमी केला, तरी कातडीवरची प्रत्येक छटा शेवटी करड्याच्या एखाद्या पायरीवरच जाऊन बसे. म्हणून रंगवणाऱ्यापुढचा खरा प्रश्न हा प्राणी हिरवा की तपकिरी असा नव्हताच. पाठीवरच्या सुरकुत्या मागच्या झाडीत हरवणार नाहीत आणि जबड्याची रेषा अंधारात विरघळणार नाही, एवढे गडद-फिके साधणे हे त्याचे काम होते. पडद्यावर दिसणारा करडा हा प्राण्याचा रंग नव्हता, तो फिल्मचा रंग होता. परंतु डोळा असा भेद करीत नाही. दोन पिढ्यांनी डायनोसॉर करड्याच रंगात हलताना पाहिले आणि करडा रंग त्यांच्या मनात घट्ट बसला.

‘किंग काँग’ पाहून भारावून गेलेल्यांत रे हॅरीहाउसन नावाचा एक शाळकरी मुलगा होता. १९२० साली जन्मलेल्या या मुलाने घरीच प्रतिकृती घडवायला सुरुवात केली. त्याचे वडील यंत्रकामात कुशल होते. पुढे कित्येक वर्षे मुलाच्या प्रतिकृतींचे धातूचे सांगाडे तेच बनवून देत असत. ओब्रायन यांची भेट झाली तेव्हा त्यांनी या तरुणाला प्राण्यांची शरीररचना शिकण्याचा सल्ला दिला, आणि १९४९ च्या ‘मायटी जो यंग’मध्ये तो त्यांचा सहायक झाला. ‘द बीस्ट फ्रॉम २०,००० फॅदम्स’ हा १९५३ चा चित्रपट हॅरीहाउसन यांनी स्वतःच्या बळावर केला. त्यातील ऱ्हेडोसॉरस हा पूर्णतः कल्पित प्राणी होता आणि चित्रपट कृष्णधवलच होता. १९५६ मध्ये ‘द ॲनिमल वर्ल्ड’ या रंगीत माहितीपटातील डायनोसॉरांचा भाग गुरू-शिष्यांनी मिळून केला. पाठोपाठ १९५८ मध्ये ‘द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद’ आला. त्यात राक्षस, ड्रॅगन आणि माणसे एकाच चौकटीत, संपूर्ण रंगांत वावरली. आता कातडीचा रंग लपून राहणार नव्हता. जो प्रश्न आजवर फिल्मने परस्पर सोडवला होता, तो रंगवणाऱ्याच्या कुंचल्यापाशी येऊन थांबला.

तरीही कुंचला पुरता मोकळा नव्हता. हॅरीहाउसन यांची पद्धत अशी होती: नटांचे चित्रण आधी करून घ्यायचे, ते चित्र एका लहान पडद्यावर मागच्या बाजूने, एकेक फ्रेम करून पाडायचे, त्या पडद्यापुढे मेजावर प्रतिकृती ठेवायची आणि दोन्ही मिळून कॅमेऱ्याने पुन्हा टिपायची. चौकटीचा खालचा भाग झाकून, नंतर फिल्म मागे नेऊन तोच भाग वेगळा टिपला की प्राणी माणसांच्या मधोमध उभा आहे असे दिसे. या पद्धतीला ‘डायनामेशन’ असे नाव देण्यात आले. हिच्यात एक अंगभूत विसंगती होती. मागचे दृश्य छायाचित्राचे छायाचित्र होते, म्हणून त्याचे रंग ढळत, उजेड-अंधारातील फरक तीव्र होई आणि दाणेदारपणा वाढे. पुढची प्रतिकृती मात्र पहिल्यांदाच, थेट टिपली जात असे. तिचे रंग ताजे राहत. त्यात प्रक्षेपकाच्या दिव्याचा प्रकाश वेगळ्या जातीचा आणि मेजावरच्या दिव्यांचा वेगळ्या जातीचा. दोन्ही जुळवण्यासाठी रंगीत गाळण्या लावायच्या, चाचणीच्या पट्ट्या काढायच्या, आणि तरीही कातडीचा रंग असा ठेवायचा की तो मागच्या थकलेल्या दृश्याशी भांडणार नाही. अशा ठिकाणी भडक तांबडा किंवा झळझळीत हिरवा म्हणजे संकटच. दबलेला, मळकट रंग अधिक सोयीचा होता.

दुसरे कारण आकाराच्या आभासाचे होते. लांबवरचा डोंगर जवळच्या टेकडीपेक्षा फिका दिसतो, कारण मधल्या हवेचा थर रंग पुसट करतो. महाकाय प्राणीही तसाच किंचित धूसर दिसला पाहिजे. हातभर लांबीच्या प्रतिकृतीपुढे हवेचा असा थर नसतोच; म्हणून तो कमीपणा रंगातूनच भरून काढावा लागतो. गडद, चकचकीत रंग दिला की क्षणात खेळणे उघडे पडते. १९६६ च्या ‘वन मिलियन इयर्स बी. सी.’चे बाह्यचित्रण कॅनरी बेटांवरील ज्वालामुखीच्या काळ्या-तपकिरी प्रदेशात झाले. त्या राखेच्या आणि खडकाच्या मुलखात प्राणी शोभायचे तर त्यांचे रंगही त्या मुलखातूनच यायला हवे होते. याच चित्रपटात एक खरीखुरी इग्वाना मोठी करून दाखवली आहे. कातडी खरी, रंग खरा, हालचालही खरी. तरी प्रेक्षकाला डायनोसॉर म्हणून पटतात त्या रबरी प्रतिकृतीच. खऱ्या सरड्याला जे साधले नाही ते रंगवलेल्या रबराला साधले, यात कारागिराचे कौतुक आहे आणि पाहणाऱ्यासाठी एक सावधगिरीचा इशाराही आहे. पटणे आणि खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या साऱ्या तडजोडींचा सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे १९६९ च्या ‘द व्हॅली ऑफ ग्वांगी’मधील ग्वांगी. गुराख्यांनी फासे टाकून एक मांसाहारी डायनोसॉर पकडायचा, ही कल्पना मुळात ओब्रायन यांची. १९४२ च्या सुमारास त्यांनी तिची बरीच तयारी केली होती, पण तो चित्रपट झाला नाही. १९६२ मध्ये ओब्रायन निवर्तले. गुरूचे राहिलेले काम शिष्याने सात वर्षांनी पडद्यावर आणले. फासे टाकण्याच्या एका प्रसंगावर कित्येक महिने खर्ची पडले, आणि तो प्रसंग आजही श्वास रोखून पाहावा असा आहे. परंतु चोखंदळ प्रेक्षकाला त्यात एक गोष्ट खटकते. ग्वांगीचा रंग स्थिर नाही. एका दृश्यात तो करडा-तपकिरी दिसतो, दुसऱ्यात निळसर, तर काही ठिकाणी चक्क जांभळट.

सरडा रंग बदलतो तो स्वतःच्या शरीरातील पेशींच्या बळावर. रबरी प्राण्याचा रंग बदलतो तो प्रयोगशाळेत. या पद्धतीत प्राणी आणि पार्श्वभूमी एकाच निगेटिव्हवर एकत्र आलेले असतात. नंतर प्रिंट काढताना तंत्रज्ञाला छटा सुधारायची झाली तर ती संपूर्ण चौकटीची सुधारावी लागते. आकाश वेगळे आणि प्राणी वेगळा असे करता येत नाही. पुन्हा टिपलेले आकाश पिवळटले म्हणून चौकटीत निळा वाढवला, की आकाश जागेवर येते आणि करड्या प्राण्यावर निळी झाक चढते. पुढच्या दृश्यात दुरुस्ती वेगळी, म्हणून झाकही वेगळी. यातला विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. करडा रंग सुरक्षित म्हणून निवडावा, तर सर्वाधिक दगा देणारा रंग तोच. गर्द तांबड्या वस्तूवर थोडा निळा पडला तर तो खपून जातो. करड्याला स्वतःची छटाच नसते, त्यामुळे त्याच्यावर पडलेली कोणतीही परकी छटा ताबडतोब नजरेत भरते.

आणि करडा निःपक्षपाती तरी कुठे होता? पुरावा नसताना कोणताही रंग हा तर्कच असतो. फिका असला म्हणून तो कमी तर्क ठरत नाही. पण माणसाच्या मनाची एक खोड आहे. झेब्र्यासारखे पट्टे असलेला डायनोसॉर दाखवला तर तो लगेच पुरावा मागतो, आणि करडा दाखवला तर मुकाट्याने मान डोलावतो. धीट अनुमानाची उलटतपासणी होते, भित्रे अनुमान मात्र खात्रीची वस्त्रे लेवून सर्वत्र फिरते. विज्ञानात अनेक चुका अशाच टिकून राहिल्या आहेत.

हत्तीकडून उसना घेतलेला रंग तर मुळातच परक्या घराण्यातला होता. डायनोसॉरांचे आजचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे एका बाजूला मगरी आणि दुसऱ्या बाजूला पक्षी. पक्षी तर डायनोसॉरांचेच वंशज. पक्ष्यांच्या आणि बऱ्याच सरड्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी चार प्रकारच्या असतात. बहुतेक सस्तन प्राण्यांत त्या दोनच प्रकारच्या उरल्या आहेत; माणसाला आणि काही माकडांना त्या तीन प्रकारच्या असतात. सस्तन प्राण्यांचे पूर्वज डायनोसॉरांच्या काळात बहुधा रात्रीच वावरत, आणि अंधारात निरुपयोगी ठरलेली रंगदृष्टी त्यांनी गमावली, असे मानले जाते. जिथे रंग दिसतच नाहीत, तिथे भडक रंग मिरवून उपयोग काय? सस्तन प्राण्यांचा फिकेपणा हा अंशतः या लांबलचक रात्रीचा वारसा असावा. म्हणजे डायनोसॉरांच्या धाकाने ज्यांनी रंग गमावले, त्यांच्याच वंशजांची कातडी विसाव्या शतकात डायनोसॉरांच्या अंगावर चढवण्यात आली! आपल्याकडे विणीच्या हंगामात कुंपणावर डोके हलवणाऱ्या बागेतल्या सरड्याची लालबुंद मान, सारस पक्ष्याची तांबडी मान किंवा मोराचा पिसारा ज्याने पाहिला आहे, त्याला या घराण्याच्या रंगाविषयीच्या हौसेची वेगळी साक्ष नको.

तरीही साक्ष ही साक्षच, पुरावा नव्हे. पुरावा मिळाला तो २०१० मध्ये. प्राण्यांच्या केसांत, पिसांत आणि कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते, आणि ते मेलॅनोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत साठवलेले असते. या पिशव्यांची लांबी साधारणपणे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी. काळ्या छटेच्या मेलॅनिनच्या पिशव्या लांबोळक्या असतात, तांबूस छटेच्या गोलसर. चीनच्या लिआओनिंग प्रांतातील सूक्ष्म गाळाच्या खडकांत पिसांचे जे ठसे जपले गेले, त्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पिशव्या ओळखता आल्या. त्यावरून सायनोसॉरोप्टेरिक्स या लहानशा डायनोसॉरच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे आळीपाळीने होते, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी अँकिऑर्निसचे अंग काळे-पांढरे आणि तुरा तांबूस असल्याचे दुसऱ्या गटाने दाखवले. ज्यांची कल्पना चित्रपटात अतिरंजित ठरली असती, ते पट्टे आणि तो तुरा खडकातून पुढे आले. हॅरीहाउसन तेव्हा हयात होते. २०१३ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

पण निकाल नेहमी चित्रपटांच्या विरुद्धच लागला असे नाही. २०१६ मध्ये सिटाकोसॉरस या शाकाहारी डायनोसॉरच्या जीवाश्मावरून असे दिसले की त्याची पाठ गडद आणि पोट फिके होते. वरून ऊन पडले की पाठ उजळते आणि पोटावर सावली पडते. पाठ गडद आणि पोट फिके असेल तर हा फरक मिटतो आणि प्राणी सपाट, अस्पष्ट दिसतो. शिकाऱ्याच्या नजरेतून सुटण्याची ही युक्ती मासे, हरणे, सरडे यांच्यात सर्रास आढळते. २०१७ मध्ये कॅनडातील बोरिॲलोपेल्टा या चिलखती डायनोसॉरविषयीही अभ्यासकांनी असाच निष्कर्ष मांडला: वरून तांबूस तपकिरी, खालून फिका. सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या आणि टनाहून अधिक वजनाच्या, अंगभर कवच असलेल्या प्राण्यालाही लपावे लागत होते. जिवंत सरडे आणि मगरी पाहून ज्या कारागिरांनी प्रतिकृतींचे पोट फिके रंगवले असेल, त्यांचे निरीक्षण इथे फळाला आले. नमुना योग्य घराण्यातला असला की तर्कही योग्य दिशेने जातो.

या नव्या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तिला मुख्यतः मेलॅनिनच वाचता येते. पक्ष्यांच्या चोचीचा आणि पिसांचा पिवळा-केशरी रंग अनेकदा वेगळ्या द्रव्यांतून येतो आणि ती द्रव्ये इतकी टिकाऊ नसतात. शिवाय पिसे किंवा कातडी जपली गेली असेल तरच ही पद्धत चालते. नर्मदेच्या खोऱ्यातील राजासॉरस नर्मदेन्सिस हा मांसाहारी डायनोसॉर २००३ मध्ये विज्ञानाला ज्ञात झाला, तो कवटीचा भाग, मणके, कटिप्रदेश आणि पायांची हाडे यांवरून. त्याच्या डोक्यावरच्या शिंगवजा उंचवट्याला हाडाचा आधार आहे. त्याच्या कातडीच्या रंगाला तसा आधार नाही. पाठ्यपुस्तकात, संग्रहालयात वा उद्यानातील पुतळ्यात तो ज्या रंगात दिसतो, तो रंग कोणा चित्रकाराने निवडलेला आहे. म्हणजे चित्रपटांच्या कारागिरांपुढचा प्रश्न अजून संपलेला नाही. भारतातही तो रोज कोणीतरी कुंचल्याने सोडवत आहे.

दरम्यान त्या रबरी प्रतिकृती म्हाताऱ्या झाल्या. लेटेक्स काळानुसार कडक होते, भेगाळते, काळवंडते. आतला धातूचा सांगाडा टिकतो आणि वरची कातडी गळून पडते. हॅरीहाउसन यांनी स्थापन केलेली संस्था उरलेल्या प्रतिकृतींचे जतन करते, पण आज काचेच्या कपाटात दिसणारा रंग चित्रणाच्या दिवशीचा असेलच असे नाही. पडद्याकडे वळावे तर त्या काळच्या रंगीत प्रिंटमधील निळसर-हिरवी छटा सर्वांत आधी विटते आणि सगळे दृश्य गुलाबी होत जाते. म्हणून ग्वांगीचा मूळ रंग कोणता, हे ठरवायचे तर आता प्रतिकृती, निगेटिव्ह, वेगवेगळ्या प्रिंट आणि जुनी छायाचित्रे एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. प्रत्येक साक्षीदार कुठे आणि का चुकतो, हे आधी समजून घ्यावे लागते. पुराजीवशास्त्रज्ञ जीवाश्मापुढे बसून जे करतो ते याहून फारसे वेगळे नाही.

हॅरीहाउसन यांनी आपले चित्रपट पुराव्याच्या नावाने कधी खपवले नाहीत. माणसे आणि डायनोसॉर एकत्र दाखवण्यातली कालविसंगती त्यांना पुरती ठाऊक होती आणि आपण प्राध्यापकांसाठी चित्रपट करीत नाही, असे ते मोकळेपणाने सांगत. चूक कारागिराने केली नाही. पाहणाऱ्याने चित्र आणि ज्ञान यांच्यातली रेघ पुसली, आणि संग्रहालयांनी, पुस्तकांनी ती पुन्हा ओढण्याची फारशी तसदी घेतली नाही. ती ओढणे काही अवघड नाही. डायनोसॉरच्या चित्राखाली त्याचे नाव, काळ आणि लांबी लिहितात, तिथेच आणखी एक ओळ लिहिता येईल: यातील आकार हाडांवरून, खवले ठशांवरून, रंग चित्रकाराच्या कल्पनेतून. चित्राची जादू त्याने कमी होणार नाही, आणि ते पाहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला पुढे कधीतरी त्या शेवटच्या शब्दांत बदल करावासा वाटेल.